दूरच्या टोकाची उपासमार

"चालताना पायातली चप्पल निसटते का?" न्यूरॉलॉजिस्टच्या खोलीत आपल्याकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो. पाठोपाठ दुसरा येतो, "निसटली तर तुमची तुम्हाला कळते, की मागून कुणी सांगितल्यावर कळते?" पहिल्या उत्तरातून डॉक्टरांना पावलाच्या स्नायूंची ताकद समजते, दुसऱ्यातून तळव्याची संवेदना. काही घरांमध्ये या प्रश्नांना आजोबा, वडील आणि नातू असे तिघेही सारखंच उत्तर देतात. तिघांच्या पोटऱ्या बारीक असतात, पावलांची कमान नको इतकी उंच असते, बोटं आकसून वाकलेली असतात. "आमच्या घराण्यातले पायच असे," असं म्हणून तीन पिढ्या निघून गेलेल्या असतात.

१८८६ साली पॅरिसमध्ये जाँ-मार्तीं शार्को आणि पिएर मारी यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड हेन्री टूथ यांनी अशा घराण्यांचं वर्णन केलं. तिघांची नावं मिळून या रोगाला शार्को-मारी-टूथ किंवा नुसतं सीएमटी म्हणतात. साधारण अडीच हजार माणसांत एकाला तो असतो, म्हणजे आनुवंशिक चेतारोगांमध्ये तो मुळीच विरळ नाही. त्याच्या शेजारचा दुसरा रोग म्हणजे आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया. जर्मनीत आडोल्फ श्ट्र्युम्पेल यांनी १८८० साली त्याचं वर्णन केलं. सीएमटीत मेरुरज्जूतून पायाकडे जाणाऱ्या नसा झिजतात आणि पाय लुळा पडत जातो. पॅराप्लेजियात मेंदूतून मेरुरज्जूत उतरणारे तंतू झिजतात आणि पाय ताठरतो, गुडघे एकमेकांना घासतात, बुटाचं पुढचं टोक आधी झिजतं. त्याच्या शुद्ध प्रकारात हात, वाचा, बुद्धी बहुधा शाबूत राहतात.

या दोन्ही रोगांत सदोष जनुक शरीराच्या प्रत्येक पेशीत असतं. डोळ्यात असतं, यकृतात असतं, हाताच्या बोटांतही असतं. मग रोग पायांपासूनच का सुरू होतो? शंभर वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हतं. आज जे उत्तर आहे त्याचा गाभा एका शब्दात सांगता येतो: अंतर.

पावलाचं बोट उचलायला सांगणारी चेतापेशी कमरेच्या पातळीवर मेरुरज्जूत बसलेली असते. तिची मूळ काया मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही नसते. तिच्यातून निघणारा अक्षतंतू मात्र मांडी, गुडघा, पोटरी ओलांडून पावलापर्यंत जातो आणि उंच माणसात एक मीटर लांब भरतो. पेशीतला ९९ टक्क्यांहून अधिक ऐवज या तंतूत असतो. केंद्रक मात्र वर, कायेत. बहुतेक प्रथिनं तिथेच घडतात आणि जिथे लागतात तिथे त्यांना पोचवावं लागतं. एवढ्या अंतरात पदार्थ आपोआप झिरपत खाली जाईल म्हणावं, तर एका साध्या प्रथिनाला पावलापर्यंत जायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत मराठी फौज लढाईला उभी राहिली तेव्हा ती आधीच उपाशी होती. दख्खन दूर होतं आणि मधली रसद तोडली गेली होती. लांब अक्षतंतूचं दुखणं याच जातीचं आहे.

हे अंतराचं गणित मधुमेहाच्या रुग्णातही दिसतं, म्हणून ते आपल्यातल्या कित्येकांच्या घरात घडत असतं. मधुमेहात नसा बिघडण्याची कारणं अनेक आणि वेगळी आहेत. तरीही बधिरपणा आधी पायाच्या बोटांत येतो, हळूहळू वर चढतो आणि गुडघ्याच्या आसपास पोचला की मग हाताची बोटं बधिर होऊ लागतात. मेरुरज्जूपासून मोजलं तर गुडघा आणि हाताचं बोट यांची अंतरं जवळपास सारखीच आहेत. सीएमटीतही हात पायांच्या मागून, बहुधा काही वर्षांनी येतात. नसेला हात आणि पाय यांत भेद कळत नाही, तिला लांबी कळते.

अक्षतंतू मूळ पेशीच्या जिवावर जगतो हे १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं होतं. कायेपासून तुटलेला तुकडा विघटित होतो, जोडलेला तुकडा तगतो. पण वरून खाली नेमकं जातं काय, आणि कसं? १९४८ साली पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी उंदरांच्या नसेला बाहेरून आवळून ठेवलं. आवळलेल्या जागेच्या वरच्या बाजूला अक्षतंतू फुगले, आतला माल साठत गेला. पीळ सोडल्यावर तो साठा दिवसाला एक-दोन मिलिमीटर या गतीनं खाली सरकला. इतका साधा प्रयोग, पण त्यानं चेतापेशीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. तोवर नस म्हणजे संदेश नेणारी तार असा समज होता. आता तिच्यातून सामान वाहतं हे डोळ्यांना दिसलं.

पुढे किरणोत्सारी अमिनो आम्लं पेशीत सोडून मापं घेण्यात आली तेव्हा दुसरी, कितीतरी वेगवान वाहतूक सापडली. सिडनी ऑक्स यांनी मांजराच्या नसेत तिचा वेग दिवसाला सुमारे ४१० मिलिमीटर मोजला. पटलात गुंडाळलेल्या छोट्या पिशव्या या वेगानं अडीच दिवसांत कमरेतून पावलापर्यंत जातील. अक्षतंतूला आकार देणारे प्रथिनांचे धागे मात्र दिवसाला मिलिमीटरभर सरकतात, म्हणजे एका मीटरला पावणेतीन वर्षं. आज पावलाच्या टोकाशी झिजणारा धागा बदलायला निघालेला माल पेशीनं दोन-तीन वर्षांपूर्वीच रवाना केलेला असतो. २००० साली हेही समजलं की हे धागे मुळात मंद चालत नाहीत. ते झपाट्यानं धावतात, पण वाटेत फार वेळ थांबतात.

वाहून नेणारा कोण, हे कळायला १९८५ साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या वुड्स होल या किनारी गावात समुद्री माकुळाचा राक्षसी अक्षतंतू मिळतो. तो इतका जाड असतो की त्यातला गाभा टूथपेस्टसारखा पिळून काढता येतो. नव्या व्हिडिओ सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाभ्यात कण पळताना दिसत होते, पेशी मेलेली असतानासुद्धा. रोनाल्ड व्हेल, थॉमस रीस आणि मायकेल शीट्झ यांनी त्यातून पळवणारं प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला कायनेसिन हे नाव दिलं. व्हेल आणि शीट्झ यांना या कामासाठी २०१२ चा लास्कर पुरस्कार जेम्स स्पूडिच यांच्यासोबत मिळाला.

कायनेसिनची रचना पाहिली की थक्क व्हायला होतं. अक्षतंतूत सूक्ष्मनलिका नावाच्या पोकळ प्रथिननळ्या लांबीनं अंथरलेल्या असतात. त्यांना दिशा असते; अक्षतंतूत त्या सगळ्यांचं एक ठरावीक टोक पावलाकडे वळलेलं असतं. कायनेसिनला दोन बुंधे असतात. ते आळीपाळीनं नळीवर पकड घेत पुढे सरकतात, आणि शेपटाकडे माल बांधलेला असतो. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि प्रत्येक पावलाला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा एक रेणू खर्ची पडतो. प्रयोगशाळेतल्या काचेवर तो सेकंदाला शंभरएक पावलं टाकतो. उलट दिशेनं, पावलाकडून कायेकडे माल आणणारी मोटर वेगळी, तिचं नाव डायनीन. जुने, निकामी झालेले भाग मोडीत काढण्यासाठी ती वर आणते. स्नायूच्या टोकाशी परिस्थिती कशी आहे याची खबरही तीच आणते, आणि ही खबर आली नाही तर काही पेशी तग धरत नाहीत.

हा परतीचा मार्ग आपल्याला एका भयंकर रोगातून परिचित आहे. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागी चेतातंतूत शिरतो आणि याच वाटेनं, याच प्रकारच्या यंत्रणेवर स्वार होऊन मेंदूकडे चढतो. कुत्रा चेहऱ्याला किंवा मानेला चावला तर धोका अधिक निकडीचा का असतो, याचं एक मोठं कारण हे की मेंदू जवळ असतो. रोग दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, त्यातला बराचसा काळ या प्रवासाचा. चाव्यानंतर लगेच जखम धुऊन लस घेतली तर माणूस वाचतो तो यामुळेच: विषाणू वाटेत असताना त्याला गाठायला वेळ मिळतो.

आता आनुवंशिक रोगांकडे वळू. पार्किन्सन, अल्झायमर, हंटिंग्टन अशा जवळपास प्रत्येक मेंदूरोगात पेशीतली वाहतूक बिघडलेली आढळते. पण पेशी मरायला टेकली की तिची सगळीच कामं बिघडतात. वाहतूक बंद पडल्यामुळे पेशी मेली, की मरत होती म्हणून वाहतूक बंद पडली? रुग्णाच्या मेंदूचा काप पाहून याचं उत्तर देता येत नाही. इथे दुर्मिळ घराण्यांनी विज्ञानावर फार मोठे उपकार केले आहेत. बिघाड जर थेट मोटरच्या जनुकातच असेल, तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता याबद्दल शंका उरत नाही.

असं पहिलं पक्कं उदाहरण २००२ साली मिळालं. एव्हान रीड आणि सहकाऱ्यांनी स्पास्टिक पॅराप्लेजियाच्या एका घराण्यात केआयएफ५ए या जनुकात उत्परिवर्तन शोधलं. हे जनुक कायनेसिनचाच एक प्रकार घडवतं, तोही मुख्यतः चेतापेशींत. शरीरातल्या इतर पेशींकडे त्याचे भाऊबंद असल्यानं त्यांचं काम चालून जातं. उत्परिवर्तन नेमकं नळीवर पकड घेणाऱ्या बुंध्यात होतं. एक अमिनो आम्ल बदललं, पाऊल अडखळलं, आणि मेंदूतून कमरेपर्यंत उतरणारे सर्वांत लांब तंतू आधी झिजले.

त्याच जनुकाच्या दुसऱ्या टोकाला, शेपटाकडे, बिघाड झाला तर वेगळाच रोग होतो. २०१८ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांतून दिसलं की तिथली उत्परिवर्तनं एएलएस घडवतात, स्टीफन हॉकिंग यांना झालेला चालक चेतापेशींचा रोग. पुढच्या प्रयोगांत यातली मोटर बंद पडलेली आढळली नाही, उलट ती आवरेनाशी झाली होती. एरवी माल नसताना कायनेसिन आपलं शेपूट बुंध्यावर दुमडून स्वस्थ बसतो आणि ऊर्जा वाचवतो. शेपूट बिघडलं की हा लगाम सुटतो. मला या शोधाचं महत्त्व फार वाटतं, कारण "वाहतूक वाढवा, रोग बरा होईल" हा सोपा विचार त्यानं मोडीत काढला. एका रुग्णाला मोटरचा वेग वाढवणारं औषध हवं असेल, त्याच जनुकाच्या दुसऱ्या रुग्णाला ते घातक ठरेल.

सीएमटीच्या एका प्रकाराची कहाणी संशोधनाच्या वाटा कशा असतात ते दाखवते. २ए नावाच्या या प्रकाराचा जनुकीय पत्ता पहिल्या गुणसूत्राच्या एका टोकाशी आहे, एवढं ठाऊक होतं. २००१ साली जपानच्या नोबुताका हिरोकावा यांच्या गटाला त्याच जागी केआयएफ१बी या मोटरच्या जनुकात एका जपानी कुटुंबाचा बिघाड सापडला. मोटर बिघडली, लांब नसा झिजल्या. सगळं जुळत होतं. पण २ए प्रकारच्या इतर कुटुंबांत तो बिघाड काही केल्या सापडेना. २००४ मध्ये स्टेफान झुखनर आणि सहकाऱ्यांनी त्याच परिसरातलं दुसरं जनुक, एमएफएन२, तपासलं आणि कुटुंबामागून कुटुंबात उत्परिवर्तनं निघाली. हे जनुक मोटरचं नाहीच. ते तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या, बाहेरच्या आवरणात बसणारं प्रथिन घडवतं, जे दोन तंतुकणिकांना एकमेकींत मिसळू देतं. म्हणजे वाहतुकीचा सिद्धांत चुकला होता का? काही वर्षांत उलगडा झाला. हे प्रथिन तंतुकणिकांना मोटरशी बांधणाऱ्या दुव्यांशीही जोडलेलं असतं. ते बिघडलं की तंतुकणिका अक्षतंतूत नीट हलत नाहीत, आणि ऊर्जेची सर्वाधिक गरज असलेलं दूरचं टोक उपाशी पडतं. मोटर धडधाकट असूनही माल पोचत नव्हता.

बिघाड वाटेतही असू शकतो. प्रभावी वारशानं उतरणाऱ्या स्पास्टिक पॅराप्लेजियापैकी सुमारे ४० टक्के घराण्यांत दोष स्पास्टिन या जनुकात असतो. ते १९९९ साली सापडलं. स्पास्टिनचं काम सूक्ष्मनलिका कापण्याचं. कापणं हे नुकसान वाटेल, पण जुन्या नळ्या कापून नवी टोकं मोकळी केल्याशिवाय नळ्यांचं जाळं ताजं राहत नाही. डायनीनला मालाशी आणि नळीशी जोडणारं डायनॅक्टिन नावाचं संकुल आहे. त्यातल्या एका प्रथिनात बदल झाला तर स्वरयंत्राचे स्नायू आणि हात दुबळे करणारा रोग होतो. २००३ मध्ये एका घराण्यात तो ओळखला गेला. त्याच प्रथिनाच्या त्याच भागातल्या वेगळ्या बदलानं पेरी सिंड्रोम होतो, ज्यात पार्किन्सनसारखी लक्षणं, खोल नैराश्य आणि शेवटी श्वसनाचा अडथळा येतो. एकाच प्रथिनातले दोन जवळजवळचे बदल वेगवेगळ्या पेशींना का गाठतात, हा या क्षेत्रातला मोठा प्रश्न आहे, आणि अंतराचं उत्तर तिथे पुरत नाही.

सीएमटीबद्दल एक खुलासा इथेच करायला हवा. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या १ए प्रकारात मूळ दोष वाहतुकीत नसतो. अक्षतंतूवरचं मायलिनचं आवरण घडवणारं एक जनुक तिथे दुप्पट झालेलं असतं. पण आवरण आणि अक्षतंतू एकमेकांवर अवलंबून असतात. आवरण बिघडलं की आतला तंतूही कालांतरानं झिजतो, आणि झिजतो तो पुन्हा लांब टोकाकडून.

या संशोधनाचा एक धागा मुंबईत, कुलाब्याला आहे. सिडनी ब्रेनर यांनी प्रयोगांसाठी निवडलेला सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक कृमी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत वाढवला जातो. जिवंत कृमीच्या चेतापेशीत माल कसा सुटतो, कुठे अडकतो, पुन्हा कसा निघतो हे तिथे पाहिलं जातं. या कृमीचं यूएनसी-१०४ नावाचं जनुक बिघडलं की तो नीट सरपटू शकत नाही, कारण संदेशवाहक रसायनांच्या पिशव्या पेशीच्या कायेतच साचून राहतात. याच जनुकाचा माणसातला भाऊ म्हणजे केआयएफ१ए. त्यातल्या बिघाडानं लहान मुलांना पायांचा ताठरपणा, फिट्स, दृष्टिदोष, बौद्धिक वाढीतले अडथळे असं बरंच काही होतं. रूप मलिक यांनी टाटा संस्थेत आणि नंतर आयआयटी मुंबईत डायनीनच्या अनेक मोटर मिळून एकच ओझं कसं ओढतात याची मापं घेतली. त्यांना २०१४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे काम आपल्याच शहरात होतं, हे माहीत असायला हवं.

उपचारांचं काय? सीएमटी किंवा आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया मुळातून बरा करणारं औषध आज नाही. बेल्जियममध्ये २०११ साली सीएमटी झालेल्या उंदरांत एचडीएसी६ हे विकर रोखल्यावर सूक्ष्मनलिकांची स्थिती सुधारली, माल पुन्हा वाहू लागला आणि उंदरांची चालही सुधारली. माणसासाठी तशी औषधं घडवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. केआयएफ१एच्या एका रुग्णासाठी खास घडवलेल्या जनुकरोधक औषधाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात काही लक्षणांत सुधारणा नोंदली गेली. हे आशादायक आहे. पण आज रुग्णाचं आयुष्य खरोखर सुकर होतं ते फिजिओथेरपीनं, पावलाला आधार देणाऱ्या हलक्या स्प्लिंटनं, योग्य वेळी केलेल्या स्नायुबंधाच्या शस्त्रक्रियेनं आणि ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनी. या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळू शकतात, मात्र आधी निदान व्हावं लागतं.

निदानाला आपल्याकडे फार उशीर होतो. मुलगा धावताना पडतो, त्याला आळशी ठरवतात. पावलाची कमान उंच आहे, तर बूट बदलून पाहतात. घरात दोघा-तिघांचे पाय असेच असतील, मूल टाचांवर उभं राहू शकत नसेल, चप्पल वारंवार निसटत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जावं. नसांची विद्युत तपासणी आणि रक्ताच्या एका नमुन्यातून अनेक जनुकं एकत्र वाचणारी चाचणी आज पुण्या-मुंबईत होते. प्रभावी वारसा असेल तर प्रत्येक अपत्याला धोका निम्मा असतो. अप्रभावी प्रकारांत आईवडील दोघेही निरोगी दिसतात आणि तरी मुलाला रोग होतो. आत्ते-मामे भावंडांत लग्न होणाऱ्या घरांत अशी जोडी जुळण्याची शक्यता वाढते. लग्नाआधी किंवा मुलाआधी जनुकीय सल्ला घेण्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. आणि दोष सुनेकडून आला की मुलाकडून, या भांडणाला विज्ञानात जागा नाही.

शेवटी एक गोष्ट प्रत्येक अशा घराण्यानं लक्षात ठेवायलाच हवी. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन हे औषध मिळतं. रक्ताच्या कर्करोगात, विशेषतः मुलांच्या, त्यानं असंख्य जीव वाचवले आहेत. ते कर्कपेशींना मारतं ते सूक्ष्मनलिकांवर घाला घालून, आणि नसांमधल्या सूक्ष्मनलिकाही त्याच्या तडाख्यात सापडतात. म्हणूनच या औषधानं निरोगी माणसाच्या हातापायांनाही मुंग्या येतात. सीएमटी असलेल्या माणसाला तेच औषध काही दिवसांत अंथरुणाला खिळवू शकतं. कर्करोगावर उपचार सुरू होईपर्यंत आपल्याला सीएमटी आहे हे माहीतच नव्हतं, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मायलिन बिघडलेल्या प्रकारच्या सीएमटीत व्हिन्क्रिस्टिन देऊ नये, अशी स्पष्ट सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. भीतीपोटी स्वतःहून उपचार नाकारू नका. पर्यायी औषधं आहेत आणि तो निर्णय डॉक्टरांचा आहे. पण केमोथेरपीची पहिली बाटली लागण्याआधी डॉक्टरांना सांगा की आमच्या घरात असे पाय आहेत.